भोंगा आणि बाय

राई गावाहून आमच्या नवघरच्या बिल्डिंगखाली रोज मासे घेऊन येणाऱ्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. गप्पा मारतानाही त्यांचा कोयता थांबत नसे.

त्या सकाळी म्हणाल्या, "नातीला बाय आलीय, ताई."

बाय म्हणजे देवी. ती आली की घरात फोडणी बंद, दाराला कडुलिंब. मी खोदून विचारलं, तर ताप, लाल डोळे, अंगभर पुरळ.

"मावशी, हा गोवर असणार. डॉक्टरला दाखवा. लस नव्हती दिली?"

"गोवराची सुई कशाला? आमच्यात बायच येते."

आठवडाभर राईत आणि इथेही रिक्षावरचा भोंगा 'गोवर-रुबेला लस घ्या' म्हणून कोकलत होता. तुमची बाय आणि हा गोवर एकच, असं मी सांगितलं, तेव्हा कोयता थांबला.

"मंग भोंगा तसा का न्हाय बोलला?"

माझं डोकंच फिरलं. ऑफिसात बसून हे शब्द ठरवणाऱ्यांना राईतल्या एकाही बाईला विचारावंसं वाटलं नाही? वर हेच म्हणणार, गाववाले ऐकत नाहीत!

तेवढ्यात रिक्षा आलीच, तेच कोकलत. मावशी खवल्यांनी भरलेल्या हातांनी तिच्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या.

"अरे, बाय बोल ना, बाय! घरात धाकटा नातू हाय अजून!"