बरण्या कुणाच्या

रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी बायकोच्या स्वयंपाकघराची तपासणी केली. डब्यांना नंबर टाकले, कुठल्या डब्यात काय याची यादी करून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली आणि शेवटी लाल शाईने शेरा मारला: हिंग यादीत आहे, जागेवर नाही. तिने यादी काढली, तिच्यावर भजी निथळत ठेवली आणि म्हणाली, “तुम्ही पेणला होतात तेच बरं होतं. शनिवारी यायचात, सोमवारी पहाटे जायचात. तेवढं माणूस सोसतो.”

खरं होतं ते. नोकरीची शेवटची वीस वर्षं मी पेणच्या तहसील कचेरीत काढली. तिथे एक खोली आणि इथे रोह्यात घर. त्यामुळे बायकोशी माझा संसार खरा सुरू झाला तो पेन्शनीत, आणि दोघांनाही तो झेपेना. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. शेजारीपाजारी टीव्ही रंगीत होत होते. मी मात्र वाईन करायचं ठरवलं.

याला कारण पेणचा माझा शेजारी. जवळच्या एका कंपनीतला गोवेकर फोरमन. त्याच्या खोलीत मी पहिल्यांदा जांभळाची वाईन प्यालो आणि कृती एका जुन्या परिपत्रकाच्या पाठीवर उतरवून घेतली. जांभळं कुस्करावीत, साखर, बेकरीतलं यीस्ट, मूठभर गहू, चिनी मातीची बरणी, वर फडकं. पहिले काही दिवस रोज लाकडी डावाने ढवळावं, मग मात्र अजिबात हलवू नये. मी परिच्छेदांना क्रमांकही दिले. परवान्याशिवाय घरी असं काही करणं गुन्हा आहे, हा परिच्छेद फोरमनने सांगितला नव्हता. तो मला ठाऊक होता.

पहिली खेप करवंदांची. तिचा शिरका झाला. बायकोने त्या शिरक्याने देवाची भांडी घासली, इतकी लखलखीत पुन्हा कधी निघाली नाहीत. दुसरी जांभळांची. ती मी हौसेने बाटलीत भरून बूच घट्ट ठोकलं आणि माळ्यावर ठेवली. गणपतीच्या दोन दिवस आधी बाटली फुटली. बरोबर खाली हमरापूरहून आणलेली मूर्ती होती. गणपतीला जांभळ्या कांजिण्या आल्या.

बायको ओरडली नाही. तिने ओल्या फडक्याने एकेक डाग टिपला आणि मूर्तीकडे बघतच मला म्हणाली, “या घरात एक तर तुमच्या बरण्या राहतील नाही तर मी. आणि स्वयंपाक मला येतो.”

म्हणून पुढच्या उन्हाळ्यात बरण्या म्हातारीकडे गेल्या.

आमच्या वाडीच्या मागे कुडाची एक झोपडी होती, तिच्यात ही म्हातारी राहायची. मूळची पेणच्या खाडीपट्टीतली. नवरा मिठागरावर राबून मेला, मूलबाळ नाही. रोह्याला बहिणीकडे आली, तर बहीणही गेली आणि झोपडी हिच्याकडे उरली. सकाळी पेज, संध्याकाळी आमच्याकडून मिळेल ते. आमच्याकडून म्हणजे बायकोकडून. मी तिला जांभळं वेचायला लावायचो. तिची झोपडी दिवसभर अंधारी आणि गार असायची, वाईनला अशीच जागा लागते. पाच बरण्या मी तिच्या कोपऱ्यात मांडल्या. उजेड लागू नये म्हणून तिचीच गोधडी वर टाकली. तिच्याकडे तेवढी एकच होती.

“आनि मी काय घेऊ, भाऊसायेब?”

“उन्हाळा आहे गो. थंडीपर्यंत वाईन होतेच.”

शिवाय मी तिला नीट पढवून ठेवलं. कोणी विचारलं, तर बरण्या माझ्या म्हणायचं नाही. तुझ्या म्हणायचं. लोणच्याच्या. दोनदा म्हणून घेतलं. म्हातारी मान हलवून म्हणाली, “माज्या हायत. लोनच्याच्या.” पाठांतर चोख.

आता खरं सांगायचं, तर तिचं निराधार योजनेचं प्रकरण मी दयेपोटी केलं नाही. मला कागदाशिवाय करमत नव्हतं. वयाचा दाखला, रहिवासाचा दाखला, कोणी सांभाळणारं नाही याचा दाखला. सगळं मी स्वतः हिंडून गोळा केलं. असं प्रकरण मी आयुष्यात पहिल्यांदाच मंजूर होण्यासाठी तयार करत होतो, एरवी माझं नाव उलट्या कामासाठी होतं. सरकार मला दर नोव्हेंबरात विचारतं, जिवंत आहेस का? मी कोषागारात जाऊन सही करतो की काम झालं. म्हातारीला मात्र दाखवायचं होतं की ती जवळपास मेलेलीच आहे. आणि ते दाखवणं फार कठीण, कारण तपासायला माझ्यासारखे बसलेले असतात.

पेणला असताना गागोद्याच्या बाजूचा एक आंधळा म्हातारा आला होता. चौकशीला मी गेलो. दारात चार कोंबड्या. मी लिहिलं, “अर्जदार कुक्कुटपालन करीत असून त्यास उदरनिर्वाहाचे साधन आहे.” कचेरीत आठवडाभर हशा चालला होता. साहेबांनी चहा मागवला. नवीन पोरांना ते वाक्य मी नमुना म्हणून द्यायचो. म्हातारा पुन्हा कधी आला नाही. कोंबड्यांचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

म्हातारीने मात्र मंजुरी आल्यासारखंच धरलं होतं. पहिल्या पैशातून एक चादर घेणार होती. “गोदडी तुमच्या बरन्यांवर,” ती म्हणायची, “म्हंजे मला चादर.” मग तांदूळ. मग, लाजत लाजत, थोडी सुकट.

चौकशीचा दिवस आदल्या संध्याकाळी कळला. बायको म्हणाली, “आधी त्या बरण्या काढा तिथून.”

मी तिला समजावलं. अठरावा दिवस होता. परिपत्रकाच्या पाठीवरचा परिच्छेद सहा: या काळात बरणी हलवल्यास गाळ उठून रस गढूळ होतो. दोन वर्षं माझा शिरका झाला होता, स्फोट झाला होता. ही खेप पहिल्यांदाच नीट उतरत होती. गोधडी आहेच वर, कोण बघतंय? बायको माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी ते कौतुक समजलो.

तलाठी तरुण होता आणि निघाला माझाच चेला. पेणला माझ्या हाताखाली सहा महिने काढलेला. वाकून नमस्कार केला. “भाऊसाहेब, तुम्ही पंच असल्यावर मला काय काळजी?” बरोबर कोतवाल. दुसरा पंच म्हणून मी कोपऱ्यावरच्या किराणावाल्या चाचांना बोलावलं होतं. त्यांचे दोन्ही मुलगे गल्फमध्ये, चाचा दुकानात. माझी साखर आणि यीस्ट त्यांच्याकडूनच यायचं.

झोपडीत चौघे उभे राहिलो की पाचवा बाहेर. तलाठ्याने मडकं बघितलं, चूल बघितली, पिठाचा डबा उघडला तर तळाशी मूठभर. माझ्याकडे बघून म्हणाला, “केस चांगली आहे.” म्हणजे पुरेशी वाईट आहे. मला अभिमान वाटला.

तेवढ्यात त्याने हातातल्या कागदाने तोंडासमोरची चिलटं हाकलली. पुन्हा हाकलली. मग ती कुठून येतात म्हणून कोपऱ्याकडे बघितलं. गोधडीवर चिलटांचा थर बसला होता. सगळे गप्प झाल्यावर गोधडीखालून बुडबुड ऐकू आली, हळू, पण अगदी नियमित.

“हे काय शिजतंय?”

म्हातारीने माझ्याकडे पाहिलंही नाही. पढवलेलं सगळं ओळीने म्हटलं. “माज्या हायत. लोनच्याच्या.”

तलाठ्याने गोधडी उचलली, फडकं सोडलं, वाकून वास घेतला. त्याच्या चेहऱ्यावर एकदम माझ्या कचेरीतला जुना हशा उमटला.

“लोणचं भारी मुरलंय, म्हातारे. पाच बरण्या. कोणाला विकतेस?”

“माज्या हायत,” ती म्हणाली. पुढचं तिला शिकवलं नव्हतं.

इथे मला बोलायचं होतं. एक वाक्य: बरण्या माझ्या आहेत. तोंड उघडलंही होतं. पण पेन्शनच्या नियमांत एक अट आहे, निवृत्तीनंतरही वर्तणूक चांगली असावी लागते, गुन्हा शाबीत झाला तर पेन्शन रोखता येते. ती अट मी दुसऱ्यांच्या कागदांवर इतक्या वेळा टाइप केली होती की त्या क्षणी मला डोळ्यांसमोर तिचा स्वल्पविरामसुद्धा दिसला. मी तोंड मिटलं.

चाचा मिशीतल्या मिशीत म्हणाले, “एवढी साखर खाते होय म्हातारी?” मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, “तलाठीसाहेब, चष्मा दुकानात राहिला. मी वाचल्याशिवाय सही करत नाही.” आणि गेले. परत आले नाहीत. त्यांच्या जागी कोतवालाने सही केली.

तलाठी माझ्या कानाशी लागला. “दारूची केस करत नाही, भाऊसाहेब. तुमच्या शेजारची आहे. पण उद्या कोणी माझी तक्रार केली तर? साधन आहे एवढंच लिहितो.” आणि त्याने लिहिलं. माझंच वाक्य, फक्त कोंबड्यांच्या जागी “फळांपासून पेय तयार करण्याचा व्यवसाय”. व्याकरणात एक चूक होती, ती मी दुरुस्त करून दिली. मग पंच म्हणून खाली सही केली. माझी सही सुरेख आहे, पेणला सगळे म्हणायचे. शेजारी म्हातारीचा अंगठा.

सगळे गेल्यावर तिने विचारलं, “काय लिवलानी, भाऊसायेब?”

“चांगलं लिहिलंय. वेळ लागेल.”

“मी बराबर बोलले ना?”

“अगदी बरोबर.”

तिला बरं वाटलं. तिने गोधडी उचलून पुन्हा बरण्यांवर नीट पसरली, कडा आत खोचल्या.

ती खेप उत्तम उतरली. हे लपवण्यात अर्थ नाही. रंग माणकासारखा, तुरटपणा बेताचा, गाळ सगळा तळाला बसलेला. आयुष्यात मी एकच चांगली वाईन केली, ती हीच. दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून प्यालो. बायकोने वासही घेतला नाही. तिने त्या दिवसापासून माझ्या ताटातली एक भाकरी कमी केली आणि ती मागच्या दाराने झोपडीत पोचवू लागली. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मला एक भाकरी कमी पडायची, हेही बोललो नाही.

नामंजुरीचा कागद माझ्याच पत्त्यावर आला, कारण पत्ता मीच दिला होता. तो मी कपाटात ठेवला. नवीन अर्ज करता आला असता. पण नव्या अर्जाला जुना पंचनामा जोडतात आणि जुन्या पंचनाम्यावर माझी सही. ती खोटी म्हणायची तर बरण्या कुणाच्या, हे सांगावं लागलं असतं. मी म्हातारीला “वरच्या ऑफिसात आहे” असं सांगत राहिलो. थंडी पडली तेव्हा बरण्या रिकाम्या झाल्या होत्या, तिची गोधडी मी परत केली. गोधडीला जांभळाचे डाग पडले होते आणि आंबूस वास गेला नव्हता.

होळीनंतर माझी बायको महिनाभर मुलीच्या बाळंतपणाला गेली आणि भाकरी बंद झाली. माझ्या हातून ती व्हायची नाही, असं मी स्वतःला सांगितलं. बायको परत आली तोवर म्हातारी झोपडीचं दार ओढून घेऊन हमरापूरला कुणा लांबच्या भाचीकडे निघून गेली होती.

त्या वर्षी मूर्ती आणायला मी एकटाच हमरापूरला गेलो. बायकोने यायला नकार दिला. कारखान्यात ओळीने गणपती बसलेले, रंग नसलेले, पांढरे. खाली फळीवर बायका पॉलिश पेपर पाण्यात बुडवून मूर्ती घासत होत्या. त्यांच्यात एक म्हातारी, कोपरापर्यंत पांढरी. मी वळलो, पण उशीर झाला होता.

“भाऊसायेब.” उठायला तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. “माजा कागद आला काय?”

“सहीला आहे,” मी म्हणालो. “साहेब बदलले.”

“आसू दे. तुम्ही हात घातलाय म्हंजे व्हनार.” आणि ती मालकाकडे वळली. “ह्यांना नीट बगून दे रे. ह्यांनी माज्यासाठी लय केलानी.”

मालकाने मागच्या फळीवरची रंगवलेली मूर्ती काढली, सोंडेची रेघही न हललेली. पैसे कमी घेतले. मी घेतली. म्हातारी माझ्याबरोबर दारापर्यंत आली. जवळ येऊन आवाज खाली केला, ते सगळ्या बायकांनी ऐकलं.

“यंदा बरन्या कुठं ठेवल्यात?”

“नाही ठेवल्या.”

“ठेवा हो. माज्या झोपडीत ठेवा, मोकळीच हाय. कोनी इचारला तर माज्याच म्हणून सांगा. मी हितं, मला कोन काय करनार?”

मी मान हलवली. मग तिला विचारलं, एसटीत मूर्तीचा हात कसा सांभाळायचा. तिने आपल्या पदराचा एक तुकडा फाडला आणि मूर्तीच्या हाताभोवती गुंडाळून दिला.