जबड्याची सर्जरी आणि आत्याची कवळी

राणीसावरगावात रामलिंगअप्पांचं कापडाचं दुकान आहे. त्यांची लेक अनुपमा परभणीत दाताच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. पुढं काय करायचं हे तिचं अगदी पक्कं ठरलेलं असायचं. फक्त दर दोन-तीन महिन्यांनी ते बदलायचं. एका सीनियरचा बर्फातला फोटो आला तेव्हा कॅनडा. मग पुण्यातल्या कुठल्याशा काचेच्या दवाखान्याचा व्हिडिओ पाहिला, तेव्हा पुणे. परीक्षा जवळ आली तेव्हा गाडी जबड्याच्या सर्जरीवर येऊन थांबली होती.

तिच्या वर्गातला चुडाव्याचा सिद्धोधन पहिल्या वर्षापासून एकच सांगायचा, सरकारी दवाखान्यात नोकरी. सर्जरीचं ऐकून तो म्हणाला, "आधी रगत बघायला तरी शीक." कारण तिनं पहिला दात काढला तेव्हा पेशंट खुर्चीत ठणठणीत होता आणि डॉक्टरीणबाईच मटकन खाली बसल्या होत्या.

"मी उपाशी होते त्या दिवशी," अनुपमा म्हणायची.

सर्जरीच्या वाटेत आडवी आली ती कवळी. परीक्षेत मेणाच्या कवळीत दात मांडायचे आणि पेशंटच्या तोंडात बसवून दाखवायचे. त्यासाठी बिनदाताचं माणूस ज्याचं त्यानं शोधून आणायचं. त्या दिवसांत बसस्टँडवर एखाद्या म्हाताऱ्यानं जांभई दिली तरी या पोरांचे डोळे लकाकायचे. अनुपमाला काही कुणी मिळेना. शेवटी तिनं चन्नबसम्माआत्याला गळ घातली.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. तोंडात एक दात नाही, पण बोलण्याची धार शाबूत. दात गेल्यापासून हसू आलं की आधी पदर तोंडावर जायचा, मग हसू यायचं. ती बिचारी एसटीनं हेलपाटे घालू लागली. कधी माप, कधी पुन्हा तेच माप.

"अगं, कवळी करायलीस का बंगला बांधायलीस?" ती वैतागून विचारायची.

परीक्षेच्या दिवशी अनुपमानं कवळी आत्याच्या तोंडात बसवली. परीक्षकांनी निरखून पाहिलं आणि सहज विचारलं, "पुढं काय करणार?"

"सर, जबड्याची सर्जरी."

आत्या नव्या दातांनी बोलली, "कशाची सर्जरी साहेब! कोपराला खरचटलं तरी हिला चक्कर येती."

परीक्षक खो खो हसले. आत्याही हसली. समोरच्या आरशात तिला स्वतःचे दात दिसले. ती तशीच बघत राहिली, हसतच. पदर खांद्यावरच होता. लाजेनं लाल झालेल्या अनुपमाचं तिकडं लक्ष गेलं आणि ती आपला अपमान जरा वेळ विसरली.

ती पास झाली, सिद्धोधनही झाला. पुढं पक्की कवळी मिळाल्यावर आत्यानं अप्पांच्या दुकानात ठाण मांडलं. गिऱ्हाईक लुगडं बघायला आलं की ती कवळी काढून हातावर ठेवायची. "आमच्या अनुपमानं केली. बघा, हात लावून बघा!" लोक लुगडं राहू देऊन कवळीच बघायचे.

एका रविवारी अनुपमा गावी आली, तर दुकानाच्या गादीवर चार-पाच म्हातारे-म्हाताऱ्या बसलेल्या.

"अप्पा, हे काय?"

"तुजेच पेशंट हायत. मी काय करू? धंदा बसला माजा."

तेवढ्यात त्यातल्या धुरपताबाईंनी तोंड उघडलंसुद्धा. "आधी माजं बघ माय. लय दिसांपासून भाकर कुस्करून खायलेय."

अनुपमानं मोबाईलची बॅटरी लावली आणि एकेकाचं तोंड बघत बसली. आईनं दोनदा जेवायला हाक मारली, तिला ऐकूही आली नाही.

पुढच्या शिक्षणासाठी तिनं विषय घेतला कवळ्यांचाच. दुसऱ्या खेपेला प्रवेश मिळाला. त्यात हाडात स्क्रूनं दात बसवायलाही शिकवतात, म्हणून मैत्रिणींना मात्र ती अजून "इम्प्लांट" एवढंच सांगते. कवळी म्हणायला जीभ जरा अडखळते. सिद्धोधन अजून सरकारी जागा निघायची वाट बघतोय आणि तोवर चुडाव्यात लोकांच्या दाढा काढतोय.

प्रवेशाची बातमी आली त्या दिवशी अप्पांनी गावात पेढे वाटले. दात नसलेल्यांना दोन-दोन दिले.