बाजूच्या शिवणीवरची दिलशाद

उदगीरच्या बाहेर जिथं आधी डाळ मिल होती, त्या शेडमध्ये आता लहान पोरींचे फ्रॉक शिवतात. उदगीरच्या पोरींसाठी नव्हेत बरं का. ते खोक्यांत भरून मुंबईच्या बंदराकडं जातात आणि तिथून जहाजानं पार साता समुद्रापलीकडं. आमच्या मराठवाड्याचा कापूस बाहेर जातो आणि कापड होऊन महाग परत येतो, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघत आलो. पण इथल्या बायांची शिलाई जहाजात चढेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मोठी माणसं भाषणात याला निर्यात म्हणतात, देशाची प्रगती म्हणतात. म्हणोत बापडी. शेडसमोरच्या चहावाल्याला विचारा. रिक्षा भरभरून बाया उतरायला लागल्यापासून त्याला दुपारी दुसरं पातेलं चढवावं लागतं.

त्या बायांत दिलशाद सगळ्यांत थोरली, पन्नाशीला टेकलेली. तिचे मालक निजामोद्दीन म्हणजे एके काळचे नावाजलेले टेलर मास्टर. चौकात दुकान होतं. मास्टर पुढं बसून कापड कापायचे, गिऱ्हाइकाशी गप्पा हाणायचे, आणि पडद्यामागं दिलशाद शिवायची. पाटीवर नाव मास्टरांचं, मशीनवर पाय हिचे. मग रेडिमेडचा जमाना आला आणि दुकान बसलं. मुलगा यासेर देगलूरला मोबाईलचं दुकान चालवतो, दर महिन्याला घरी पैसे पाठवतो, कशाची ददात नाही. पण जिचे हात उभा जन्म चालले, तिला रिकामं बसून करमेल कसं? शेड सुरू झाल्याचं कानावर आलं तशी ती बुरखा चढवून सरळ दारात जाऊन उभी राहिली.

मास्टरांना ते रुचलं नाही. "तिथं कुणी कपडा शिवत न्हाई. एक बाई बाही जोडती, दुसरी गळा लावती. ह्याला शिलाई म्हणायचं का?"

"तुमच्या दुकानात तरी पुरा कपडा मी कधी केला? कापायचे तर तुम्हीच," दिलशाद म्हणाली आणि डबा घेऊन निघाली.

तिला बाजूची शिवण मिळाली. म्हणजे फ्रॉकचा पुढचा आणि मागचा भाग काखेपासून खाली जोडायचा, तेवढंच काम, दिवसभर. तिच्या लाईनची सुपरवायझर पंचशीला. उदगीरचीच पोर, तिरुपूरच्या कारखान्यांत काम शिकून आलेली, तोंडानं तिखट पण मनानं सरळ. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांना सांगितलं, "ही पहिली ऑर्डर जाईपर्यंत सगळ्या कच्च्या. माल गेला की कुणाला पक्कं करायचं ते मी ठरवणार."

आणि दिलशादला पक्कं व्हायचं होतं. लई व्हायचं होतं. दुपारी डबे उघडले की लाईनवरच्या शिवगंगाची भाकरी हिच्या ताटलीत आणि हिचं चिंचेचं खट्टं तिच्या वाटीत. पगार थेट आपल्या नावच्या खात्यात. रिक्षात पोरींचं खिदळणं. आपण एवढं आयुष्य पडद्यामागं का काढलं, असं तिला रोज वाटायचं. ती जागा गेली असती तर तिला पुन्हा घरात बसणं जड गेलं असतं.

आता नडलं कुठं, ते ऐका. आपल्याकडं लेकराचा कपडा शिवायचा तर शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड दाबून ठेवायचं, ही रीत. पोर वाढली की शिवण उसवायची, कपडा मोठा करायचा, आणखी एक ईद निघते. असं कापड न राखणाऱ्या टेलरला उदगीरच्या आया दुकानातच धारेवर धरतात. दिलशादचा हात याच रीतीत मुरलेला. कारखान्यात किती कापड आत धरायचं त्याची मशीनवर रेघ होती, त्या रेघेनंच शिवायचं होतं. सुरुवातीला तिनं शिवलंही. पण वेग आला, गप्पा सुरू झाल्या, आणि हात आपल्या जुन्या वाटेनं चालू लागला. एकदा तिच्या ध्यानातही आलं. पण तिनं मनाशी म्हटलं, तिकडची लेकरं काय वाढत नसतील? असू दे थोडं आत.

घ्या! दुकानात कापड मास्टर सैल कापायचे. इथं कापून आलेला तुकडा मोजका. आत जितकं जादा दाबाल, तितका फ्रॉक अंगाला आवळणार. माल तपासायला शिवगंगा बसायची. तिनं टेप लावला आणि पंचशीलाला हाक मारली. फ्रॉक छातीत तंग. दुसरा उचलला, तोही तंग. ढीगच्या ढीग तसा. लाईन थांबली. असा माल गेला असता तर परत आला असता, आणि शेडला दुसरी ऑर्डर कुणी दिली नसती.

"बाजूची शिवण कुणाची?" पंचशीलानं विचारलं.

दिलशाद उठून उभी राहिली. "माझी हाय. सगळे माझ्याच हातचे."

नशीब एवढंच, की कापड आत शाबूत होतं. जादाचं कापून टाकलं असतं तर फ्रॉक फेकावे लागले असते. सगळी लाईन उसवायला बसली. दिलशादनं रेघेवर डोळे रोखून पुन्हा शिवलं, इस्त्रीवालीनं वाफ देऊन जुन्या टाक्यांची भोकं बुजवली. माल वेळेवर गेला आणि पासही झाला.

पक्क्या कोण, त्या निकालाच्या दिवशी दिलशादनं आधीच डबा पिशवीत भरला होता. पंचशीला जवळ आली तशी ती म्हणाली, "बेटा, मला ठाऊक हाय. तू नको वाईट वाटून घेऊ."

"खाला, बसा खाली," पंचशीला म्हणाली. "तुमचे चुकलेले नग मी उसवायच्या आधी मोजले. सगळ्यांत चूक एकसारखी. पहिल्यात जेवढी, शेवटच्यात तेवढीच. बाकीच्यांचं नीट तर नीट, न्हाई तर इकडं-तिकडं. रेघ कुठं हाय ते मी कुणालाबी शिकवीन, पण असा हात मी कुठून आणू? तुम्ही पक्क्या."

दिलशादला तिथंच रडू फुटलं. पोरी हसायला लागल्या, मग तीही हसली. उरलेला दिवस कसा गेला ते तिला कळलंच नाही.

संध्याकाळी तिनं मास्टरांना सगळं सांगितलं, चुकीसकट.

"सगळ्या नगांत एकसारखी?" मास्टरांनी विचारलं.

"हाव."

"एक सुताचाबी फरक न्हाई?"

"न्हाई म्हणती ती."

मास्टरांनी चष्मा काढून पुसला. "एवढी वर्षं माझ्या मागं बसून शिवलंस. मी एकदाबी टेप लावून बघितलं न्हाई गं."

दिलशादनं ताट त्यांच्यापुढं सरकवलं. "ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. "जेवून घ्या. मला सकाळी लौकर जायचंय."