सलीमभाईंचा पेनड्राइव्ह

सलीमभाई गेल्याचं मला लातूरच्या क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. खाली लगेच दुसरा मेसेज... उद्याचा फिजिक्सचा तास नवे सर घेतील, विद्यार्थ्यांनी वेळेवर यावे. ज्यांच्या नावावर क्लासनं मजल्यावर मजले चढवले, त्यांच्यासाठी एका दिवसाची सुट्टीही संस्थेला जड गेली.

त्या क्लासात आम्ही दोघं एकदमच लागलो होतो, पत्र्याच्या खोल्या असताना. ते फिजिक्स शिकवायचे, मी बायोलॉजी. पुढे मी नांदेडला आलो, ते तिथंच राहिले. त्यांचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंपात वडील गेले, घरासोबत त्यांचा एकुलता एक फोटोही गेला. "अब्बाचा चेहरा थोडा थोडा आठवतो, भाऊ. आवाज मात्र पार गेला," असं एकदाच म्हणाले होते. म्हणून क्लासनं रेकॉर्डिंग सुरू केलं तेव्हा बाकीचे शिक्षक कुरकुरले आणि हे खूश झाले. पडद्यावर पेनानं लिहीत शिकवायचं, पडद्याचंच चित्रण व्हायचं; चेहरा नाही, फक्त अक्षर आणि आवाज. आजार वाढला तसे ते एकदा क्लासात जाऊन मुलीसाठी, सनासाठी, सगळं पेनड्राइव्हवर घेऊन आले. मला फोनवर म्हणाले, "लई हलकी हायेत लेक्चरं, एवढ्याशात मावली. तिथंच लावून बघितली, मस्त चालून राहिली. माझ्या पोरीजवळ आवाज तरी राहील."

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर भाभी आणि सना तो पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आल्या. एकही फाइल उघडेना. असल्या फाइलचं नावही कधी ऐकलं नव्हतं. व्हिडिओत बदलून देणाऱ्या सगळ्या वेबसाइट पालथ्या घातल्या, त्यांनीही हात वर केले. शेवटी साध्या नोटपॅडमध्ये उघडली, तर आत नुसता मजकूर... धड्याचं नाव, पेन कुठं थांबलं, आणि खरा व्हिडिओ क्लासच्या कॉम्प्युटरवर कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते. तिथं ही चिमुकली फाइल दाबली की ती शेजारचा व्हिडिओ ओढून आणायची, म्हणून तिथं चालली. सलीमभाईंनी घर समजून घराचा पत्ता उचलून आणला होता.

"काका, कन्व्हर्ट करा ना. आत कायतरी असंलच की," सना म्हणाली.

"नाही गं, बेटा. आवाज यात नाहीच."

ती रडली नाही. मला मात्र सलीमभाईंचा राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली.

लातूरला जाऊन संचालकांना भेटलो. चहा पाजून ते म्हणाले, "रेकॉर्डिंग संस्थेची मालमत्ता आहे हो, अशी वाटता येत नाही. पोरीला अकरावीला आपल्याकडंच टाका की. लॉगिन मिळेल, मनसोक्त ऐकू द्या वडलांना." मी त्यांना काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही हेही खरं. सनाला आर्ट्सला जायचं होतं, गणिताचा तर तिला पहिल्यापासून तिटकारा. आर्ट्सलाच जा, म्हणून भाभींनी परोपरीनं समजावलं. तिनं ऐकलं नाही, सायन्सला त्याच क्लासात नाव घातलं.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेलो तेव्हा तिनं मोबाइलवर पहिला धडा लावला. पडद्यावर सलीमभाईंचं अक्षर उमटू लागलं... आणि त्यावर कुणा तरुण माणसाचा टवटवीत आवाज. गेलेल्या सरांच्या आवाजावर नवे प्रवेश कसे मिळणार, म्हणून संस्थेनं आवाज बदलून टाकला होता. भाभी उठून आत गेल्या.

"अक्षर अब्बूचंच हाय, काका," सना म्हणाली आणि तिनं आवाज बंद केला.

पडद्यावर गणित सुटलं. उत्तराखाली दोन रेघा ओढल्या गेल्या, पहिली सरळ, दुसरी घाईत जराशी वाकडी. सनानं तेवढंच मागं घेतलं आणि पुन्हा लावलं.