दिरांनी न वाचलेलं पान

जर्मनीला जायचं म्हणून मी जर्मन शिकले आणि लग्न करून कर्जतला पोचले. तरी शिकणं फुकट गेलं नाही. साजगावचा एक कारखाना जर्मन व्हॉल्व्ह आणून विकतो. त्यांच्या दरपत्रकांचं इंग्रजी मी घरबसल्या करायचे. काम आणून दिलं होतं धाकट्या दिरांनी. ते तिथे ऑफिसात मोठे साहेब.

टक्के आले की माझी एक खोड : खाली शंभर रुपयांचं उदाहरण लिहायचं. 'आउफश्लाग' म्हणजे खरेदीच्या किमतीवर चढवायचे टक्के, इंग्रजीत मार्कअप. पंचवीस टक्के असतील तर शंभराची वस्तू एकशे पंचवीसला. मार्जिन मोजतात विक्रीच्या किमतीवर. तिथे पंचवीस म्हटलं की तीच वस्तू एकशे तेहतीसच्या वर जाते.

दिरांना हे शाळकरी वाटलं. मला न विचारता त्यांनी मार्कअपचं मार्जिन केलं, उदाहरणं उडवली. मालकांना मार्जिन शब्द आवडतो म्हणून! दर चढे लागले, मोठी ऑर्डर दुसऱ्याने नेली. मालक भडकले तेव्हा दीर म्हणाले, "काय करणार साहेब, आमच्या वहिनींचं जर्मन घरगुती आहे." हे त्यांनीच एका हळदीत हसत सांगितलं. माझं काम बंद, आणि वर सगळं गोत हसतंय. मीही हसले. दात दुखेपर्यंत.

माझी मूळ प्रत दाखवली असती तर "आता लिहिली असेल" म्हणाले असते. पण दीर कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचत नाहीत, हे मला घरच्या वीजबिलापासून माहीत. मी कारखान्यातल्या सत्यनारायणाची वाट बघत बसले. घरच्यांना बोलावणं असतंच.

तीर्थ घेतलं आणि मालकांना म्हटलं, "साहेब, ते दरपत्रक बघू का? माझी चूक तरी कळेल."

"जाऊ द्या ना वहिनी, देवाच्या दिवशी कशाला?" दीर मधे पडले.

"असं कसं भावजी? घरगुती जर्मन, सुधारायला नको?"

फाईल आली. शेवटच्या पानाच्या तळाशी माझं एक उदाहरण जिवंत होतं. मालकांना गुपचूप दाखवता आलं असतं. मी दिरांच्या हातात दिलं. "तुम्हीच वाचा. मोठ्याने."

"शंभराला घ्या... एकशे पंचवीसला विका."

"मग मार्जिन कुणी घातलं?" मालकांनी विचारलं. अख्खा स्टाफ शिऱ्याचे द्रोण धरून उभा. दीर पूजेच्या चौरंगावरची फुलं नीट करू लागले. मला वाईट वाटायला हवं होतं. मी आणखी शिरा मागून घेतला.

काम परत मिळालं, माझ्या अटीवर : कागद भावजींनी स्वतः घरी आणायचे, प्रत्येक पान माझ्यासमोर वाचून सही करायची. परवा एकवीस पानं होती. सोळाव्या पानाला सासूबाईंनी भावजींचा कप उचलून चाखला.

"आगं, याच्या चहात साखर घालायला इसरलीस का गं?"

"नाय आई," मी म्हटलं, "इसरले नाय."