अबायाची टोपी

काल शारजाच्या बाजारात मरियमच्या अबायांच्या, म्हणजे बायकांच्या लांब काळ्या झग्यांच्या दुकानात काळ्या कापडाचे तागे पुढ्यात घेऊन बसलो होतो. हा माल गेला नाही तर माझा इथला धंदा बंद. दुकानात अरबी रॅप दणाणत होतं. मरियमच्या अबायाला जीन्ससारखे खिसे आणि पाठीवर हुडीची टोपी. मी आतल्या आत चरफडत होतो.

तेवढ्यात अजान झाली. तिने गाणं थांबवलं आणि तीच टोपी डोक्यावर ओढून घेतली, इतकी सहज, की राग कशाचा करावा ते कळेना. या पोरींनी परदेशातलं घेतलं आणि घरचंही सोडलं नाही. त्या दोन्हींच्या मध्ये माझ्या साध्या काळ्या कापडालाच तेवढी जागा उरली नव्हती.

अजान संपल्यावर विचारलं, "मग, घेतेस ना?"

"इन्शाअल्ला, अंकल." म्हणजे देवाच्या मर्जीवर सोडलं.

मी भडकलो. "तुझे वडील इन्शाअल्ला म्हणाले की माल घ्यायचे!"

ती आमच्या बाजारातल्या हिंदीत हसत म्हणाली, "तेही नाहीच म्हणायचे. तुम्ही उठतच नव्हता, म्हणून घ्यायचे."

मी कालही उठलो नाही. जायला दुसरं दुकानच राहिलं नव्हतं.