तक्त्यात राहून गेलेली ओळ

विज्ञानात मत्सराला जागा नसते. तिथे फक्त आकडे बोलतात. हे वाक्य मी नव्या मुलांना वीस वर्षं ऐकवत आलो. मग आमच्या विभागात सायली आली.

मी कोल्हापुरातल्या एका कॅन्सर हॉस्पिटलात फिजिसिस्ट आहे. म्हणजे रेडिएशन कुठे किती पडावं, याचा प्लॅन डॉक्टरांसाठी करणारा माणूस. सायली माझी ज्युनिअर. तिच्याबरोबर ‘आर्क’ आलं. माझ्या जुन्या पद्धतीत मशीन रुग्णाभोवती नऊ ठिकाणी थांबतं आणि तिथून किरण सोडतं. आर्कमध्ये ते फिरता फिरताच सोडतं. फरक एवढाच. पण महिन्याभरात डॉक्टर मॅडम माझ्या टेबलापाशी येऊन “सायली कुठाय?” असं विचारू लागल्या.

त्यात कोडोलीचे बापू आले. गुळाच्या बाजारात सौदे पुकारणारे. टॉन्सिलचा कॅन्सर.

“साहेब, आवाज ऱ्हाईल न्हवं?”

“आवाजाचं बघू. आधी तोंड कायमचं कोरडं पडू नये, हे बघायचंय.”

“कोरड्या तोंडानं सौदा कोन पुकारतंय? घरीच बसायचं की मग!”

लाळेच्या मोठ्या ग्रंथी कानाखाली असतात. गाठीला पूर्ण डोस द्यायचा आणि त्या ग्रंथींना जमेल तितका कमी, अशी ही ओढाताण. मॅडम म्हणाल्या, “दोघंही प्लॅन करा. चांगला असेल तो घेऊ.”

सायलीने दुपारपर्यंत केला. मी तीन दिवस घेतले. तिचे आकडे समोर ठेवून माझे घासत राहिलो. शेवटी ग्रंथींचा डोस तिच्यापेक्षा केसभर कमी आला. तुलनेचा तक्ता मीच छापला.

सायलीने तो वाचला. “सर, रोजच्या उपचाराला लागणाऱ्या वेळेची ओळ राहिली वाटतं.”

“वेळ म्हणजे डोस नव्हे.”

राहिली नव्हती. मी काढली होती. मॅडमनी माझ्या प्लॅनवर सही केली. त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला. सायलीलाही.

उपचारावेळी डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला अडकवतात. पहिल्याच दिवशी, सहाव्या थांब्याला, बापूंनी हात वर केला. आम्ही मशीन थांबवलं. टेक्निशियन रफिकने आत धावत जाऊन मुखवटा सोडला. बापू उठून बसले आणि खोकत राहिले.

“जीव घेतासा व्हय? घशात कफ आलाय, गिळायला जागा न्हाय!”

उरलेले तीन थांबे अर्ध्या तासाने कसेबसे पुरे झाले. बाहेर आल्यावर रफिक हळूच म्हणाला, “साहेब, हात वर करायच्या ऐवजी ते हलले असते तर?”

हलले असते तर ज्या ग्रंथींसाठी मी तीन दिवस घासलं, त्यांच्यावरच किरण पडले असते. गाठ बाजूला राहिली असती.

मॅडमनी विचारलं, “याला किती वेळ लागतो?”

“पंधरा मिनिटं.”

“आणि सायलीच्या प्लॅनला?”

“चार.”

“मग तक्त्यात का नव्हतं?”

मी तोंड उघडण्याआधी सायली म्हणाली, “घाईत राहिलं, मॅडम.”

तिचा मला सगळ्यात जास्त राग आला तो तेव्हा.

तिच्या प्लॅनची मशीनवरची तपासणी त्याच दुपारी मी केली. दोनदा केली. चूक सापडली नाही. दुसऱ्या दिवसापासून आर्क सुरू झालं आणि सात आठवडे संपेपर्यंत बापूंनी पुन्हा हात वर केला नाही. आता आमच्या तक्त्यात वेळेची ओळ सगळ्यात वर असते.

काही महिन्यांनी बापू आले. अधूनमधून पाणी पीत होते, पण सौदे पुकारायला लागले होते. काखेत गुळाची ढेप. मी खुर्चीवरून उठलो. सायलीही उठली.

“रफिकभाऊ कुठं हाय? मुखवटा झटक्यात सोडायचा बघा. त्यानंच तारलं.”

ढेप रफिकने फोडली. आम्हा दोघांना एकेक खडा मिळाला. सायलीचा थोडा मोठा होता.